बी मोठं मिळालं म्हणून चोच मोठी झाली का? (गॅलापॅगोसच्या फिंचबद्दल जरा सविस्तर)

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न आधी जसाच्या तसा लिहितो. शाळेच्या पुस्तकात चार फिंचच्या चार चोचींचं चित्र आहे, खाली लिहिलंय की अन्नाप्रमाणे चोचीत बदल झाला, आणि ती विचारतेय की बी मोठं मिळालं म्हणून चोच मोठी झाली असेल तर ती मोठी होईपर्यंत तो पक्षी काय खात होता, उपाशी होता का?

तिला सांगा, होय. उपाशीच होता. आणि बहुतेक वेळा मेला.

चेष्टा करत नाहीये, खरंच एवढंच उत्तर आहे. पण ते नीट पटायला थोडं लांबून यावं लागेल, म्हणून हे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. वीसेक वर्षं मी पक्ष्यांना कडी घालायच्या कामात आहे, म्हणजे पहाटे जाळी लावायची, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, पायात नंबरची कडी घालायची, पंख मोजायचे, वजन घ्यायचं, व्हर्नियरने (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) चोच मोजायची आणि सोडून द्यायचा. मुनिया, सुगरण, चिमण्या, वटवट्ये असले शेकडो पक्षी हातातून गेलेत. गॅलापॅगोसला गेलेलो नाही, आणि ज्या बेटाबद्दल पुढे सांगणार आहे तिथे टुरिस्टला सहसा उतरूच देत नाहीत. पण चोच मोजण्याचं काम म्हणजे काय ते मला माहितीये, आणि या सगळ्या गोष्टीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं मत आहे.

मोठा झालेला पक्षी स्वतःची चोच बदलू शकत नाही. चोच म्हणजे आत हाड आणि वरून केराटिनचं आवरण, आपली नखं ज्याची असतात तेच. ते आवरण आयुष्यभर वाढतं आणि घासलं जातं, त्यामुळे टोकाला थोडाफार फरक पडतो. ऑयस्टरकॅचर म्हणून एक पक्षी आहे, थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतो, काळापांढरा, लालभडक चोचीचा, तो शिंपले ठोकून फोडत असेल तर त्याच्या चोचीचं टोक बोथट असतं आणि किडे उपसून खात असेल तर टोकदार, आणि खाणं बदललं की काही आठवड्यांत टोक पण बदलतं. तर असं होतं, नाही असं नाही. पण ही झाली झीज, पेन्सिलीचं टोक झिजतं तशी. ती पिल्लांना मिळत नाही. लोहाराचे दंड भरलेले असतात म्हणून त्याचं बाळ दंड भरलेलं जन्माला येत नाही, तसंच. फिंचच्या चोचीची जाडी ही आतल्या हाडाची जाडी, ती पूर्ण वाढ झाली की ठरली. मग पुढे दुष्काळ पडो नाहीतर पूर येवो, आहे त्या हत्यारावर भागवायचं.

आता ठिकाण. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला, इक्वेडोरपासून साधारण हजार किलोमीटर समुद्रात, ज्वालामुखीतून वर आलेली बेटं आहेत, ती गॅलापॅगोस. तिथे काही लाख वर्षांपूर्वी, बहुतेक अंदाज वीस लाखांच्या आसपास जातात, मुख्य भूमीकडून लहानसे बी खाणारे पक्षी उडत किंवा वाऱ्याने वाहत पोचले. आज त्यांच्या वंशाच्या सतराएक जाती आहेत (एक तर गॅलापॅगोसवर नाहीच, ती लांब कोकोस बेटावर राहते). आणि गंमत म्हणजे हे खरे फिंच नाहीतच! टॅनेजर नावाच्या अमेरिकन कुळातले आहेत ते. पण नाव पडलं ते पडलं.

नावावरून आठवलं, डार्विनने फिंच बघितले आणि लगेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला ही जी कथा सांगतात ना, ती जरा बाजूला ठेवा. तो १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाचेक आठवडे तिथे होता, आणि कुठला फिंच कुठल्या बेटावरचा हे त्याने नीट लिहूनच ठेवलं नव्हतं. हे सगळे एकाच गटातले पक्षी आहेत हे १८३७ मध्ये लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने नमुने बघून सांगितलं, तोवर डार्विन त्यांना वेगवेगळ्या घराण्यांतले समजत होता. मग जहाजावरच्या बाकीच्यांनी जमवलेले, लेबल लावलेले नमुने शोधत बसावं लागलं. आमच्या कामात नवीन पोरांना पहिली गोष्ट हीच सांगतो, की पक्षी हातात असताना लिही, नंतर लिहीन म्हणशील तर डार्विन होशील.

बरं, चोचीकडे येऊ. जमिनीवर बिया खाणारे जे तीन मुख्य फिंच आहेत त्यांना इंग्रजीत छोटा, मध्यम, मोठा ग्राउंड फिंच म्हणतात, आपण सोयीसाठी धाकटा, मधला, थोरला म्हणू, भावंडं नाहीत, वेगळ्या जाती आहेत, पण लक्षात राहतं. धाकट्याची चोच मुनियासारखी, बारीक गवताच्या बिया खाणारी. थोरल्याची चोच बघाल तर डोक्याएवढी, वाटतं चेहऱ्यावर कुणी चुकून दुसऱ्याची चोच बसवलीये. मधला नावाप्रमाणे मधला, आपल्या चिमणीपेक्षा हलकाच भरतो.

जाड चोचीने नेमकं काय होतं हे समजायला अडकित्ता डोळ्यासमोर आणा. सुपारी टोकाशी धरली तर सटकते, म्हणून आजी ती आत, खिळ्याजवळ सरकवते आणि मग दाबते. थोरला फिंच अगदी तेच करतो, कडक बी चोचीच्या मुळाशी, जबड्याच्या सांध्याच्या जवळ नेऊन फोडतो. पण नुसता जोर असून भागत नाही. अडकित्त्याची पातं पातळ असली तर सुपारीऐवजी तीच वाकतील, म्हणून ती जाड लागतात. चोचीचं पण तसंच, वरून खाली जाड आणि रुंद चोच असली की दाबताना हाडावर येणारा ताण पसरतो, नाहीतर चोचच तडकायची. आणि एवढा जोर लावायला जबड्याचे स्नायू मोठे, स्नायू बसायला डोकं मोठं, असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. जाळीत सापडलेली सुगरण बोटाला चावते तेव्हा आणि मुनिया चावते तेव्हा फरक चांगलाच कळतो, आणि पोपट चावला की दिवसभर कळत राहतो.

इथपर्यंत पुस्तकात असतंच, बारीक चोच बारीक बी, जाड चोच जाड बी. पण पुस्तकात जे नसतं ते आता सांगतो. पाऊस चांगला झाला की हे तिघे जवळजवळ सारखंच खातात. खरंच. अळ्या, कोवळ्या बारीक बिया, जे सोपं आणि भरपूर आहे ते. थोरला पण बारीक बिया टिपतो, फुकटचं कोण सोडतंय. त्या दिवसांत जाऊन कुणी बघितलं तर म्हणेल या चोचींच्या फरकाला काही अर्थच नाही. अर्थ लागतो तो कोरड्या महिन्यांत, सोपं सोपं सगळं संपल्यावर. तेव्हा प्रत्येक जण आपापल्या चोचीला जे जमतं तिकडे वळतो. आणि ज्याच्या चोचीला काहीच जमत नाही, तो संपतो.

आपल्याकडे हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी बघितला त्यांना विचारा, लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आहेत. ज्वारी होती तोवर कुणाच्या पोटाला काय पचतं हा प्रश्नच नव्हता.

आणि योगायोग बघा, १९७३ मध्ये पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे नवरा-बायको डॅफ्ने मेजर नावाच्या बेटावर पहिल्यांदा गेले. बेट म्हणजे काय, समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं तोंड, ३४ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबात ८०-८५ एकर, एखाद्या खेड्याचं गायरान. प्यायला पाणी नाही, सावली नाही, होडीतून उतरायला धक्का नाही, ओल्या खडकावर उडी मारायची आणि तोल सांभाळायचा. पाण्याच्या कॅनपासून तांदळापर्यंत सगळं वाहून न्यायचं. अशा ठिकाणी ही जोडी आणि त्यांचे विद्यार्थी दरवर्षी महिनोन्महिने राहिले, चाळीस वर्षं! मला या कामाबद्दल जो आदर वाटतो तो लिहून सांगता येणार नाही. बेट छोटं आणि कोरडं म्हणूनच निवडलं होतं, कारण तिथला जवळजवळ प्रत्येक पक्षी पकडून, कडी घालून, मोजता येत होता. पायात रंगीत कड्या, म्हणजे लांबून बघून सांगता येतं की हा अमक्याचा मुलगा, याची आई तमकी, याची चोच इतकी.

मग आला १९७७. पावसाळ्यात तिथे साधारण १३० मिलिमीटर पाऊस पडायचा, त्या वर्षी पडला २४. मधल्या फिंचनी त्या वर्षी घरटीच केली नाहीत. बारीक बिया आधी संपल्या, सगळ्यांनी त्याच खाल्ल्या ना. उरली ती मुख्यतः एकाच झाडाची फळं, आणि ते झाड तुम्ही ओळखता. सराटा! गोखरू म्हणा. आपल्याकडे उन्हाळ्यात सायकल पंक्चर करतो, अनवाणी चाललं की टाचेत घुसतो, तोच, म्हणजे तिथला सराटा त्याचा सख्खा चुलतभाऊ, जरा मोठ्या पिवळ्या फुलांचा. फळ वाळलं की त्याचे काटेरी तुकडे होतात, दगडासारखे कडक, आणि त्या तुकड्याच्या आत ओळीने थोड्या बिया. तुमच्या लेकीला एक वाळलेला सराटा आणून द्या आणि नखाने फोडायला सांगा, बाकी काही समजवायची गरज पडणार नाही.

मधल्या फिंचमध्ये ज्यांची चोच जाड होती त्यांना हा तुकडा चोचीत धरून, पिळून, कोपरा तोडून आतली बी काढता येत होती. बारीक चोचीवाले प्रयत्न सुद्धा सोडून द्यायचे. दीड वर्षात त्या बेटावरचे मधले फिंच शंभरातले ऐंशी-पंचाऐंशी मेले. कड्या घातलेले पक्षी होते, त्यामुळे कोण मेलं हे नावानिशी माहीत होतं. आणि पीटर बोग या विद्यार्थ्याने आणि ग्रँटनी आकडे मांडले तर दुष्काळाआधी चोचीची सरासरी जाडी होती साधारण ९.४ मिलिमीटर, आणि जे वाचले त्यांची ९.९ च्या वर.

अर्धा मिलिमीटर. इथे मला थांबायलाच पाहिजे. तुम्ही म्हणाल एवढंच? मी म्हणतो, बाप रे, एवढं? आम्ही दोघं एकच मुनिया एकामागोमाग मोजतो तेव्हा माझा आकडा आणि माझ्या जोडीदाराचा आकडा यातच एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो, कारण व्हर्नियर नाकपुडीच्या नेमका पुढच्या कडेला लावायचा असतो आणि पक्षी काही शांत बसत नाही. तेवढ्या मापात शेकडो पक्ष्यांची सरासरी एका दुष्काळात अर्धा मिलिमीटर सरकणं म्हणजे भलतंच आहे. डार्विनला वाटायचं हे बदल इतके हळू होतात की माणसाला दिसणारच नाहीत. इथे एका पीएचडीच्या मुदतीत दिसला.

आणि आता तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं टोक. एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. दुष्काळाच्या आधी ज्याची जी चोच होती तीच नंतर होती. पण बारीकवाले गेले, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर गेली. वर्गातली बुटकी मुलं दुसऱ्या शाळेत गेली तर वर्गाची सरासरी उंची वाढते, कुणी एक इंचही वाढलेलं नसताना, तसं. दुसरी गोष्ट, चोचीची जाडी आईबापांकडून पोरांकडे जाते, आणि ती चांगलीच घट्ट जाते, जाड चोचीच्या जोडीची पिल्लं जाड चोचीची निघतात. म्हणून १९७८ मध्ये पाऊस आल्यावर जी पिल्लं झाली त्यांची चोच सुद्धा जुन्या सरासरीपेक्षा जाड निघाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याला उत्क्रांती म्हणायचं. पहिली एकटी असती तर नुसतंच मरणं, पुढच्या पिढीत सगळं परत पहिल्यासारखं.

आता तुम्हाला वाटेल मग दर दुष्काळाला चोच जाड होत होत शेवटी थोरल्यासारखी होणार. मला पण आधी तसंच वाटायचं. पण १९८२-८३ मध्ये एल निन्यो आला आणि त्या २४ मिलिमीटरवाल्या बेटावर १३५९ मिलिमीटर पाऊस पडला. कोकणातल्या माणसाला तो नेहमीपेक्षा कमीच वाटेल, पण तिथे हाहाकार. वेली माजल्या, सराटा आणि निवडुंग त्याखाली दबले, गवताच्या बारीक बियांचा नुसता खच पडला. मग त्यानंतर कोरडी वर्षं आली तेव्हा जमिनीत साठा होता तो बारीक बियांचा, आणि या वेळी मार खाल्ला मोठ्या चोचवाल्यांनी. मोठं शरीर, जास्त भूक, आणि एवढाल्या चोचीने एक एक बारीक दाणा टिपत बसायचं, पोट भरणार कधी. सरासरी परत खाली सरकली.

म्हणजे अमुक चोच चांगली असं काही नसतंच. त्या वर्षी त्या जमिनीत काय शिल्लक आहे यावर सगळं. "प्रगत", "परिपूर्ण" असले शब्द पुस्तकात येतात ना, त्यावर लेकीला पेन्सिलीने काट मारायला सांगा, माझ्या नावावर.

तिसरा दुष्काळ मला सगळ्यात जास्त आवडतो, आवडतो हा शब्द बरा नाही पण असो. त्या १९८२-८३ च्या पावसात थोरला फिंच पहिल्यांदाच डॅफ्नेवर घर करून राहिला. आधी चार-पाच, मग वाढत गेले. २००३ पासून परत पाऊस दडी मारून बसला, परत सराट्यावर वेळ आली. १९७७ चा हिशोब लावला तर मधल्यांमधल्या जाड चोचवाल्यांनी जगायला हवं होतं. पण आता सराट्यावर थोरला बसलेला, तो तुकडा झटक्यात चिरडतो, वेळ कमी लागतो, आणि फळं संपवून टाकतो. मधल्यांमधले जाड चोचवाले थोरल्याशी भांडण हरले आणि मेले, बारीक चोचवाले बारीक बियांवर कसेबसे तगले. तोच सराटा, तसाच दुष्काळ, निकाल बरोब्बर उलटा, का, तर शेजारी बदलला. मोठ्या मॉलसमोर मध्यम किराणावाला बसतो पण कोपऱ्यावरचा पुडीवाला चालतो, साधारण त्यातला प्रकार. (थोरले पण त्या दुष्काळात खूप मेले, म्हणजे जिंकलं असं कुणीच नाही.)

जीन्सबद्दल थोडक्यात, कारण ती दहावीला गेली की विचारेलच. २००४ मध्ये अब्झानोव्ह आणि टॅबिन यांच्या टीमने दाखवलं की अंड्यातल्या पिल्लात बीएमपी४ नावाचं प्रोटीन लवकर आणि जास्त तयार झालं की चोच जाड आणि रुंद होते, त्यांनी कोंबडीच्या गर्भात ते वाढवून बघितलं तर कोंबडीच्या पिल्लाची चोच जाड झाली. लांबीचं खातं वेगळं, त्यात कॅल्मोड्युलिन. म्हणजे लांबी आणि जाडी वेगवेगळ्या बटणांवर, म्हणून इतक्या तऱ्हेच्या चोची जमतात. मग २०१५ मध्ये एएलएक्स१ हा जीन सापडला, टोकदार की बोथट त्याच्याशी संबंध, आणि २०१६ मध्ये एचएमजीए२, आकाराशी संबंधित. २००४-०५ च्या दुष्काळात वाचलेल्या आणि मेलेल्या मधल्या फिंचचं रक्त ग्रँटनी जपून ठेवलं होतं, ते तपासलं तर वाचलेल्यांत या एचएमजीए२ चं लहान चोचीचं रूप जास्त. वर व्हर्नियरने जे दिसलं तेच खाली रक्तात दिसलं. जुने नमुने का फेकायचे नाहीत ते यावरून कळतं, आमच्या घरात फ्रीजवरून भांडणं होतात तो विषय वेगळा.

बाकीच्या फिंचबद्दल पण लिहायलाच हवं, कारण बिया म्हणजे सगळं नाही.

निवडुंग फिंच आहे, लांब टोकदार चोचीचा. निवडुंग म्हणजे आपला फड्या निवडुंग ज्या जातकुळीचा तोच, फक्त काही बेटांवर तो झाडाएवढा होतो, त्याला खोड बिड असतं. हा पक्षी फुलात चोच घालून परागकण आणि मध खातो, फळ खातो, बी खातो. पण एक खोड आहे त्याला, पूर्ण न उमललेल्या फुलात शिरताना मध्ये आड येणारी कुक्षी (फुलाचा परागकण झेलणारा भाग) तो कापूनच टाकतो. कुक्षी गेली की त्या फुलाचं फळ होत नाही, म्हणजे पुढे स्वतःलाच खायला कमी. चोच अन्नाला शोभते वगैरे ठीक आहे, पण अक्कल शोभेलच असं नाही.

वटवट्यासारखा बारीक चोचीचा एक आहे, वॉर्ब्लर फिंच, पानांवरचे किडे टिपतो, बघून कुणी म्हणणार नाही हा थोरल्याचा नातेवाईक. डार्विन पण फसला होता. एक कोवळी पानं, कळ्या आणि साली खाणारा आहे, त्याची चोच आखूड, फुगीर, पोपटाच्या वळणाची.

आणि माझा लाडका म्हणजे वुडपेकर फिंच. सुतार पक्षी लाकडात भोक पाडतो आणि लांबलचक जीभ आत घालून अळी ओढतो. गॅलापॅगोसवर सुतार नाहीतच, जागा रिकामी. या फिंचने ती जागा घेतली, पण जीभ लांब नाही. मग तो काय करतो, निवडुंगाचा काटा नाहीतर काडी तोडतो, चोचीत धरतो आणि भोकात घालून अळी बाहेर काढतो. काडी लांब असली तर मोडून हवी तेवढी करतो. आणि हे सुद्धा पावसाळ्यात फारसं नाही, तेव्हा पानांवर आयते किडे मिळतात. कोरड्या भागात, कोरड्या दिवसांत काडी निघते, आणि तेव्हा निम्म्याच्या आसपास शिकार काडीने होते. बघा, परत तेच, अडचण आली की हत्यार बाहेर.

सगळ्यात टोकाचा म्हणजे वुल्फ आणि डार्विन या दोन लांबच्या उत्तरेकडच्या ओसाड बेटांवरचा व्हँपायर फिंच. तिथे बूबी नावाचे बदकाएवढे मोठे समुद्रपक्षी असतात, हा त्यांच्या शेपटीवर बसतो, पिसांच्या मुळाशी टोचा मारतो आणि रक्त पितो. बूबी बिचारा फारसा विरोधही करत नाही. बहुतेक सुरुवात पिसांतले किडे टिपण्यापासून झाली असावी असं मानतात. चोच टोकदार आहे, पण त्याचे जवळचे भाईबंद त्याच धर्तीच्या चोचीने निमूट बिया-फुलं खातात, म्हणजे हत्यारापेक्षा गरज मोठी. गोड्या पाण्याचा थेंब नसलेल्या खडकावर रक्त म्हणजे जेवण पण आणि पाणी पण. अंडी पण खातो, चोचीने फुटत नाहीत म्हणून पायाने ढकलून खडकावर आपटवतो.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण मला वाटलं सांगावं, की एवढं सगळं मध्ये-मध्ये सरकत असतं तर मधला आणि थोरला एकमेकांत मिसळून एक का होत नाहीत. कधी कधी होतो संकर. पण बऱ्याचदा आड येतं ते गाणं. नर पिल्लू बापाकडून गाणं शिकतं, मादी चोच आणि गाणं बघून जोडीदार निवडते. आणि मोठी जड चोच भराभर उघडझाप करू शकत नाही, म्हणून तिचं गाणं जरा संथ, म्हणजे खाण्यासाठी घडलेली चोच लग्नात पण लुडबुड करते. १९८१ मध्ये डॅफ्नेवर शंभरावर किलोमीटर लांबच्या एस्पान्योला बेटावरून एक परका नर आला, मोठ्या चोचीचा, वेगळ्या गाण्याचा. त्याने स्थानिक मादीशी जोडी केली, आणि त्याची पोरंबाळं पुढे आपसातच जोड्या जमवायला लागली, बाकीचे त्यांना विचारेनात. काही पिढ्यांत एक वेगळं घराणंच उभं राहिलं, ग्रँटच्या डोळ्यांदेखत.

आता शेवटचं, भाताचं. सांताक्रूझ नावाच्या मोठ्या बेटावर मधल्या फिंचमध्येच दोन गट पडत होते, एक लहान चोचीचा एक मोठ्या, आणि मधल्या मापाचे कमी, कारण मधल्या मापाला धड ना बारीक बी परवडतं ना जाड. १९६० च्या दशकात अ‍ॅकॅडमी बे भागात हे दोन गट साफ दिसायचे. मग तिथलं गाव वाढलं, टुरिस्ट वाढले, हॉटेलं आली, आणि फिंचना मिळायला लागला भात, पावाचा चुरा, असलं मऊ सगळं. नंतर मोजलं तर ते दोन गट तिथे जवळजवळ पुसले गेलेत, गावापासून लांबच्या एल गारापाटेरो भागात मात्र अजून दिसतात. भात कुठल्याही चोचीने खाता येतो. मधल्या मापाच्या चोचीला आता कुणी उपाशी मारत नाही.

तुम्ही विचारलंय की इथे घराजवळ तिला काही बघता येईल का. येईल. फक्त पावसाळ्यात नको, तेव्हा चिमणी, सुगरण सगळ्या जाड चोचवाल्या पिल्लांसाठी अळ्या पकडताना दिसतील आणि ती म्हणेल काका खोटं सांगतात. एप्रिल-मे मध्ये जा, गावाबाहेरच्या वाळलेल्या माळावर, सकाळी सातच्या आत, वही घेऊन. एक मुनिया धरा आणि दहा मिनिटं फक्त तिच्यावर नजर ठेवायला सांगा, कुठल्या गवताच्या कणसावर बसली, किती दाणे काढले, कुठलं बी उचलून टाकून दिलं. टाकून दिलेलं बी सापडलं तर आणा घरी. आणि लिहायचं तिथेच, घरी आल्यावर नाही.